कोरड्या पुठ्ठ्यांची किंमत

चार मार्चला पुठ्ठेताईंच्या ट्रक कंपनीची किंमत एक कोटी बारा लाख चाळीस हजार रुपये ठरली, आणि ती ऐकून ताईंचा पारा चढला.

खरं तर त्यांना हायसं वाटायला हवं होतं. कंपनी त्यांची आणि धाकट्या भावाची, निम्मी निम्मी. भाऊला आता साखरेचा त्रास होता. डॉक्टरांनी दगदग कमी करा म्हणून सांगितलं होतं आणि मुलाने आपल्या शेजारीच घर बघून ठेवलं होतं. त्या घरासाठी भाऊला त्याचा वाटा रोख हवा होता. बहीणभावांचं बोलणं झालं होतं ते असं : दोघांनी मिळून एक जाणकार माणूस नेमायचा, तो सांगेल त्या किमतीचा अर्धा हिस्सा ताईंनी मार्चअखेर भाऊला द्यायचा आणि कंपनी एकटीने घ्यायची. नाही जमलं तर भाऊ आपला हिस्सा रस्त्यापलीकडच्या शेठना विकायला मोकळा. शेठकडे साठ गाड्या होत्या आणि ते उघड म्हणत होते, "चार-पाच बऱ्या ठेवीन, बाकीच्या तोडायला देईन."

बँकेने ताईंना साठ लाख मंजूर केले होते आणि त्यावर एक पैसाही वाढवणार नाही असं बजावलं होतं. एक कोटी बारा लाख चाळीस हजारांचे निम्मे छप्पन लाख वीस हजार. म्हणजे हिशोब बसत होता, वर पैसे उरत होते. ताईंची मुलगी ऑफिसचं सगळं काम बघायची. तिने आकडा ऐकला आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचे कागद हलले.

ताई मात्र अहवालाच्या तिसऱ्या पानावर अडकल्या होत्या.

"हे काय लिहिलंय, साहेब? भंगार?"

किंमत काढायला आलेले साहेब किडकिडीत होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "तीन गाड्यांचं वय बारा वर्षांच्या वर आहे, ताई. आमच्या तक्त्यात त्या वयापुढे गाडी लोखंडाच्या भावाने धरतात."

"साठी ओलांडलेल्या माणसाला हाडांच्या भावाने धरता का?"

मुलीने टेबलाखालून आईचा पाय दाबला.

"पाय काय दाबतेस? दुखरा गुडघा आहे तो!"

"आई, साहेबांनी नीटच लिहिलंय सगळं," मुलगी दात आवळून हसत म्हणाली. "आपण सही करू या ना."

"सही करते. आधी गाड्या बघू दे साहेबांना."

"बघितल्यात मी," साहेब म्हणाले.

"दुपारी बघितल्यात. उन्हात तापलेली गाडी कोणाचीही सुरू होते. उद्या सकाळी सातला या. पुठ्ठे काढायच्या आत."

या पुठ्ठ्यांवरूनच ताईंना ते नाव पडलं होतं. एकोणीस वर्षांच्या असताना त्या वडिलांच्या ऑफिसात फोन घ्यायला बसायला लागल्या. तेव्हा गाड्या दोनच होत्या. त्यातल्या एकीचं तेल रात्रभर थेंब थेंब गळलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी घाटात भरलेल्या मालासकट इंजिन जाम झालं. दुरुस्तीत वर्षाची कमाई गेली. आठवडाभर वडील जेवण अर्ध्यावर सोडून उठायचे. ताईंनी शेजारच्या पंख्यांच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणली, उलगडली आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखाली एकेक पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठा ओढून बघायचा. काळा थेंब असला तर इंजिन, लालसर असला तर स्टिअरिंग, हिरवट असला तर रेडिएटर. डाग दिसला की गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, मग गिऱ्हाईक कितीही डोकं आपटो.

ड्रायव्हर लोक हसले. "पोरगी ट्रकांना दुपटी घालते," असं सगळ्या बाजारात झालं. ताई म्हणाल्या, "हो, घालते. ओलं झालं की बदलतेसुद्धा." हसणारे थकले, पुठ्ठे राहिले. दुसरा नियमही त्यांचाच : एक गाडी, एक ड्रायव्हर. माणूस सुट्टीवर गेला तर गाडीही सुट्टीवर. शेठ म्हणायचे, "या बाईच्या गाड्यांना पगारी रजा आहे." ताईंना ही थट्टा मनातून आवडायची. लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले, भाऊ हिशोबाला बसला, दोनाच्या नऊ गाड्या झाल्या. सकाळी सातला पुठ्ठे ओढायला मात्र ताई स्वतः.

दुसऱ्या दिवशी साहेब सातला पाच कमी असतानाच फाटकात उभे होते. सगळ्यात जुन्या गाडीला सगळे थोरली म्हणत. तिचा ड्रायव्हर मामा तिच्या दाराशी हाताची घडी घालून उभा होता, मुलगी दाखवायला आणल्यासारखा.

ताईंनी पुठ्ठा ओढला. कोरडा ठणठणीत. साहेबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला.

"आज नवा घातलेला नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तारीख बघा की कोपऱ्यात," मामा म्हणाला. "महिनाभर हाच आहे. ताई पुठ्ठ्यातही काटकसर करतात."

मामाने किल्ली फिरवली. थोरली पहिल्याच फेऱ्यात बोलली. साहेबांनी धुरापुढे पांढरा रुमाल धरला, मग शर्टाची पर्वा न करता जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. खिशातली लहान हातोडी काढून त्यांनी चासीवर टकटक सुरू केली. गंजलेलं लोखंड मंद वाजतं, चांगलं खणखणीत वाजतं. तासाभरात तिन्ही जुन्या गाड्या अशा वाजवून झाल्या. साहेब धूळ झटकत उठले.

"माझा तक्ता या तिघींना लागू नाही," ते म्हणाले. "मी दुरुस्त करतो."

ताईंची मान अशी वर झाली की मामाला हसू आवरेना. पण साहेब थांबले नव्हते. "आलोच आहे तर सगळ्याच वाजवतो," म्हणत ते एकेका गाडीखाली शिरत गेले, आणि सगळ्यात नव्या गाडीखालून त्यांचा आवाज आला. "ताई, जरा वाका. हा मागच्या स्प्रिंगचा पाटा बघा."

ताई गुडघा सांभाळत वाकल्या. पाट्याला केसाएवढा तडा होता. हातोडी मारली की तिथे आवाज बसका येई. ताईंचा चेहरा उतरला. ही गाडी काचा वाहायची.

"पुठ्ठ्यावर तेल पडतं, ताई. तडा पडत नाही," साहेब हळू म्हणाले.

"खरंय. किती कमी होतील?"

"पाटे, मजुरी धरून चाळीस हजार."

"करा कमी. करायलाच हवेत." मग ताई त्या गाडीच्या ड्रायव्हरकडे वळल्या. "आज ही फाटकाबाहेर जाणार नाही. आणि मामा, बाजारातून दोन हातोड्या आणा. दर सोमवारी पाटे वाजवायचे, सगळ्यांचे."

चहा घेताना साहेबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "एक विचारू का? कंपनी तुम्ही घेणार आहात की विकणार आहात?"

"घेणार. का?"

"तीस वर्षं हे काम करतोय. विकणारा भाव चढवतो, घेणारा पाडतो. घेणाऱ्यानेच मला गाडीखाली झोपवून भाव चढवलेला आजवर पाहिला नव्हता."

आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ताईंना हे कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं.

"साहेब, मी कमी देऊन कंपनी घेतली तर सुटेन. पण भाऊने सव्वीस वर्षं याच गाड्यांचा हिशोब लिहिलाय. जाताना त्याच्या हातात काय देऊ, भंगाराचा अर्धा वाटा? जे आहे ते लिहा. तडाही लिहा."

साहेबांनी जे होतं ते लिहिलं. तीन जुन्या गाड्या मिळून सात लाख वीस हजारांनी वाढल्या, नवीचे चाळीस हजार गेले. नावलौकिकाची किंमत त्यांनी आधी थोडकीच धरली होती. आता त्यांनी स्वतः काचेच्या कारखान्यात फोन लावला. माल भरणारा मुकादम म्हणाला, "ताईंची गाडी आली की आम्ही काचा चढवतो. दुसऱ्याची आली की आधी झाडू शोधतो." नावलौकिक पाच लाख साठ हजारांनी वाढला. नवी किंमत झाली एक कोटी चोवीस लाख ऐंशी हजार.

मुलीने निम्मे करून बघितले आणि पेन खाली ठेवलं. "बासष्ट लाख चाळीस हजार. आई, बँक साठ देतेय. उरलेले कुठून आणणार आहेस? तुझ्या नावलौकिकातून?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीची ठेव आहे ना. दोन लाख पंधरा हजार."

ताईंचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "गाडीचे पाटे बाजारात मिळतात. तुझा गुडघा मिळत नाही."

"तोही मिळतो आता. पुढच्या वर्षी बसवू."

तरीही पंचवीस हजार कमी पडत होते आणि मार्च संपायला आठवडा उरला होता. त्याच दिवशी शेठनी भाऊला चहाला बोलावलं होतं, हे ताईंच्या कानावर आलं.

भाऊ तिकडून परत आला तो थेट ताईंच्या टेबलासमोर बसला. हातात नवा अहवाल होता. पानं उलटून उलटून मऊ झाली होती.

"शेठ काय म्हणाला?" ताईंनी विचारलं.

"रोख देतो म्हणाला. वर हसत म्हणाला, तुमचं भंगार मी उचलतो, उपकार माना. मी हे तिसरं पान त्याच्यासमोर धरलं." भाऊ हसायला लागला. "ताई, त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, थोरलीचा ड्रायव्हर माझ्याकडे येईल का?"

"मग?"

"मी म्हटलं, तो गाडीसकटच येतो, आणि गाडी विकायची नाही." भाऊने चष्मा काढून पुसला. "मला वाटायचं, आपण आपले कसेबसे दिवस काढले. आज कळलं, आपण काय उभं केलं ते. तू असं कर, मला पहिल्या अहवालाच्या भावाने दे. छप्पन वीस. माझं घर त्यात होतं."

"भाऊ, आपल्या कंपनीची किंमत कमी करणारा तू कोण?"

"निम्मा मालक!"

"मार्चअखेरपर्यंत. बासष्ट चाळीस ठरलेत, बासष्ट चाळीसच मिळतील."

"नाहीयेत ना तुझ्याकडे! पोरीने सांगितलं मला. निदान वरचे पंचवीस हजार तरी मला सोडू दे."

"सोडायचे नाहीत. उधार ठेव."

"बहिणीला उधारी?"

"बहिणीला नाही, मालकिणीला. महिना चार हजार देईन."

भाऊने वाद घालून बघितला, मग अहवालाच्या मागे स्वतःच्या सुबक अक्षरात तेवढं लिहून घेतलं. एकतीस मार्चला सह्या झाल्या. भाऊ निघाला तेव्हा थोरलीच मुद्दाम त्याचं सामान घेऊन गेली. मामा म्हणाला, "भाऊंचं कपाट काचेसारखं नेतो." नव्या घराच्या दारात सामान उतरलं आणि गाडी तासभर उभी राहिली, तेव्हा भाऊने खोकं फाडलं आणि तिच्याखाली पुठ्ठा सरकवला. कोरडाच निघाला. त्याने ते फोन करून ताईंना कळवलं.

एप्रिलपासून चार हप्ते गेले. ताईंकडून भाऊला नऊ हजार रुपये येणं बाकी आहे.