काकीच्या पेटीवरची फुलं

काकी पहिली निवडणूक हरली, ती बायकांनी तिला देव मानलं म्हणून.

जोक नाही. खरंच.

आज काकीचा स्मृतिदिन. आमच्या भागातून विधानसभेत गेलेली पहिली बाई, असं भाषणांत म्हणतात. मला आठवते ती बोळिंजच्या वाडीत केळीचे घड उतरवून, हात धुऊन, तशीच प्रचाराला निघणारी काकी.

ती उभी राहिली ती माझ्या आत्यासाठी. आत्या बाळंतपणात अडली. बैलगाडीतून वसईला नेताना वाटेतच गेली. बाळही गेलं.

तेराव्याला काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "इथे प्रसूतिगृह हवं. मागून मिळत नसेल तर मी जाऊन आणते."

आजोबांनी विचारलं, "कुठून आणणार?"

"मुंबईहून, मामंजी. विधानसभेतून."

देशातली ती पहिलीच मोठी निवडणूक. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह. मताची चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची, सिम्पल.

अर्नाळ्याच्या कोळणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. पडद्याआड काकीच्या पेटीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, चिठ्ठी पेटीवर ठेवली, नमस्कार केला आणि समाधानाने घरी गेल्या.

संध्याकाळी अधिकाऱ्याने पडदा सारला तर पेटीवर हा ढीग! आत फारसं काही नाही. बाहेरच्या चिठ्ठ्या बाद. रूल म्हणजे रूल.

काकी पडली.

नाक्यावर टोमणे सुरू झाले. "बायकांना पूजा जमते, पॉलिटिक्स नाही." त्या लोकांचा मला अजून राग येतो.

काकी बरेच दिवस धड जेवली नाही. मग उठली आणि कामाला लागली.

पुढच्या निवडणुकीत तिने सभांचा नादच सोडला. तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांत जाऊन बसली. जिने तिने कागद टाकून बघायचा. फुल प्रॅक्टिस!

एक म्हातारी कोळीण ऐकेचना. "बाय, तुला आत कोंबू? कोनी देवाला कोंबतं का? मना नाय जमायचं. पाप लागंल."

"मावशी, देवाला वर वाहा. मला आत टाका. मला काम करायचंय."

सगळ्या खो-खो हसल्या. म्हातारीने कागद आत सोडला.

काकी निवडून आली.

विधानसभेत तेव्हा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. तिथे उभी राहून ती त्या बैलगाडीबद्दल बोलली. आत्याचं नाव घेऊन बोलली. आजोबांना हे कळलं तेव्हा ते वाडीत जाऊन बराच वेळ एकटेच बसले.

खूप खेटे घातले तिने. शेवटी आगाशीच्या रस्त्याला छोटंसं प्रसूतिगृह झालं.

त्याच सुमारास माझ्या आईला कळा सुरू झाल्या. सगळ्यांना आत्या दिसत होती, मलासुद्धा. मी आईचा पदर सोडत नव्हते.

काकीने गाडी जुंपायला सांगितली, आईचा हात धरला.

"चला, जाऊबाई. लांब नाही जायचंय."

आई परत आली. कुशीत माझा भाऊ.

काकी, तो आता आजोबा झालाय गं.

तुला आमच्या अख्ख्या घराची मनापासून श्रद्धांजली.