मानाची उसनी जोडी

पोळ्याच्या दिवशी गोजरबाईच्या बैलजोडीला वेशीतून दोनदा जावं लागे. पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं, जरीची झूल आणि बाशिंगं लेवून, तातेराव पाटलांच्या नावानं. मग गल्लीतून वळसा घालून, झूल उतरवून, सगळ्यांच्या शेवटी, गोजरबाईच्या नावानं. बैल तेच, तोरण तेच, आणि याचं गावात कुणाला नवल वाटत नसे.

निजामाच्या काळी पाटलांकडं जमीन, बैल आणि मान सगळंच होतं. राज्य बदललं, तसे धावड्याकडच्या या गावातले पाटीलही बदलले. बैल विकून ट्रॅक्टर घेतले, बियाणं कंपनीसाठी मिरचीची शेडनेट उभारली, सोसायटीचे चेअरमन झाले. मान तेवढा जुनाच ठेवला. पण मानाला बैल लागतो. ट्रॅक्टरच्या कपाळाला बाशिंग कसं बांधणार? मग गावातली देखणी जोडी उसनी घ्यायची रीत पडली.

ती जोडी गोजरबाईची. तिच्या सासऱ्यानं मार खाऊन गायरान कसलं होतं, आणि आयुष्यभर ज्यांच्यापुढं हात जोडले त्यांचे हुद्दे बैलांना द्यायची सवय घराला लावली होती. सध्याचे दोघे फौजदार आणि मामलेदार. नवऱ्याच्या माघारी तिनंच त्यांना वाढवलं.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी ती बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होती. पाटलांचा मुलगा आदिनाथ झूल घेऊन आला.

“झूल परत न्या, आदिनाथराव. अवंदा जोडी भेटायची न्हाई.”

आदिनाथनं झूल परत खांद्यावर टाकली. “मंग उद्यापासून शेडनेटमधी यायचं न्हाई. तू बी न्हाई, तुझी सून बी न्हाई.”

सून प्रिया दारातच होती. मिरचीची फुलं हातानं फळवायच्या त्या कामावरच दोघींचं घर चालायचं. “आत्याबाई, विचार करा,” ती हळूच म्हणाली.

“लई वर्षं विचारच करून राह्यले,” गोजरबाई म्हणाली. बैलाच्या खांद्यावरचा तिचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर रांग लागली. पाटील फेटा बांधून तोरणाखाली उभे, मागं जोडी नाही. त्यांनी रांगेतल्या महेमूदभाईंच्या बैलांकडं पाहिलं. महेमूदभाईंनी कासरा आवळला. “पाटील, माझी जोडी आपल्या जागेवर बराबर हाय.”

वाजंत्री थांबली. तेवढ्यात रांगेच्या शेपटाकडून गोजरबाई निघाली. लोक आपापले बैल बाजूला ओढत गेले आणि ती थेट तोरणापाशी आली.

“तुझी जागा मागं हाय, गोजरे,” पाटील म्हणाले.

“मागची माझी, अन् पुढं चालत होते ते बी माझेच बैल. दोनदा चालून दमले बिचारे. अवंदा एकदाच जातील.”

“कोणाच्या नावानं?”

“जिनं चारा घातला तिच्या.”

पाटील बाजूला सरले. न सरून करतात काय, फौजदाराची शिंगं छातीला आली होती.

शेडनेटचं दार दोघींना बंद झालं ते झालंच. तिसऱ्या दिवशी परगावच्या मिरचीच्या प्लॉटवर काम बघायला त्या बैलगाडीनं निघाल्या, त्याच वेशीतून. सुकलेलं तोरण अजून लटकत होतं.

“आत्याबाई,” प्रिया म्हणाली, “बैल दोनदा गेलेच की.”

“जाऊ दे,” गोजरबाई म्हणाली. “दोन्ही बारी आपल्याच नावानं गेले.”