बदलून दिलेली पट्टी

रिसोडच्या दुकानदाराने खराब मेमरी गळ्यात मारली, याची मला खात्रीच होती. हौसेने लिहिलेल्या माझ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जुन्या कॉम्प्युटरवर एक ओळ दाखवायचा आणि गोठायचा. मी तणतणत दुकानात गेलो. त्याने मुकाट्याने मेमरीची पट्टी बदलून दिली. तरी तेच.

बाबा सोयाबीनचे व्यापारी. पोत्यात नळी खुपसून तळाचा दाणा पाहिल्याशिवाय भाव सांगत नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याच्याच पोत्यात नळी खुपसून राह्यला तू. तुह्यं कवा पाह्यशीन?"

चिडून माझा कोड पाहिला. डिस्कवरून कर्नल मेमरीत आणणाऱ्या बूटलोडरला मी वीसच सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, उचलायला सांगितले होते. कर्नल वाढून तिसावर गेला होता. त्याचा शेवट मेमरीत पोचतच नव्हता.

चूक माझीच. पण त्या दुकानदाराने न भांडता पट्टी काहून बदलली, हे मला अजून खटकतं.