गाठ कुठली, हे विचारताना

माझ्या उजव्या जांघेत गाठ आली तेव्हा मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हे कसं लिहावं, मला अजून नीट कळत नाही. जांघ हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. गाठ सुपारीएवढी होती, टणक. अंघोळ करताना हाताला लागली आणि दाबल्यावर डोळ्यांत पाणी आलं.

दिवाळीला औशाजवळच्या आमच्या गावी गेले आणि मायला सांगितलं. ती म्हणाली, "पाय दाव."

पायाला जखम झाली, काटा मोडला, की जांघेत गाठ येते. तिला आमच्याकडं अवधाण म्हणतात. जखम भरली की अवधाण बसतं. त्यामुळं माझी गाठ कुणी बघितलीच नाही, सगळ्यांनी पाय बघितला. मायनं बोटांच्या बेचक्या तपासल्या. शेजारची काकू चष्मा लावून पुढ्यात बसली.

"कालेजात अनवाणी फिरती का गं? सँडलं कुटं गेली?"

"काहीच लागलं नाही, काकू."

"आगं, लागल्याबिगर अवधाण येतं व्हय? आठव की."

शेवटी टाचेत एक जुना काळा ठिपका सापडला. काकूनं सुई तापवून तो उकरला. काटा निघाला नाही, रक्त निघालं. मी लंगडत होते, पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. गाठीला एक कारण मिळालं होतं आणि ते चारचौघांत दाखवता येत होतं.

टाच भरली, गाठ तशीच राहिली. औशाच्या डॉक्टरांनीही आधी पायच बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या. गाठ कधी ओसरायची, कधी इतकी फुगायची की बाकावर बसवायचं नाही. पाळी आली की ती फुगते, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. मायला सांगितलं तर म्हणाली, "त्या दिवसांत बाईला सगळंच दुखतं."

माझी एक चुलती छातीतली गाठ लपवून बसली होती. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. डोळे मिटले की मला तीच दिसायची. माझी गाठ तसली आहे का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

लातूरला सर्जनकडं अप्पा घेऊन गेले. तिथं प्रश्न मला होते आणि उत्तरं अप्पा देत होते.

"लग्न झालंय?"

"न्हाई जी."

"दुखतं कधी?"

"चालल्यावर, साहेब."

ते मीच अप्पांना सांगितलं होतं. बापाला दुसरं काय सांगणार? पाळी वेळेवर येते का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. मी नुसती मान हलवली. सोनोग्राफीत हर्निया नाही असं आलं. टीबीचीही तपासणी झाली, तिच्यातही काही निघालं नाही. थांबून बघू, असं ठरलं.

थांबण्यात हिवाळा गेला. कॉलेज बुडवून मी बराच काळ घरीच होते. पाळीच्या दिवसांत ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी बसायची. अप्पा जाता-येता माझ्याकडं बघायचे नाहीत, आपलं पाणी आपणच घ्यायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "काका, तुम्ही जरा बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. अप्पा पडद्यापर्यंत गेले.

"हं, आता सांग. दुखतं कधी?"

"चालल्यावर," मी म्हणाले. सवयच झाली होती.

अप्पा पडद्यापाशीच थांबले होते. पाठ आमच्याकडं ठेवूनच ते बोलले, "म्याडम, ती बाहेर बसती ना, तवा. तवाच कण्हती. दर महिन्याला." आणि निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "खरं का?"

मी हो म्हणाले. मग सगळं सांगितलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच कधीकधी भलत्या जागी वाढतं आणि पाळीत तेही सुजतं. गाठ काढून तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही, पण कॅन्सरसारखं काही वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. "पोटात आणखी कुठं असेल तर मात्र दुखणं राहील. मूल होण्याचं पुढं बघू."

बाहेर अप्पा जिन्याच्या पायरीवर बसले होते. "तसली हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणाल्या."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लातुरातच बोलायला पायजे होतं म्या." तिथं माझीही जीभ उचलली नव्हती.

गाठ काढली. रिपोर्टमध्ये बाईंनी सांगितलं तेच आलं. दोन पाळ्या बऱ्या गेल्या. तिसरीला पोटात खोल, हात पोचणार नाही अशा जागी, तसंच ठणकायला लागलं. मी हॉस्टेलवर होते. अप्पांचा फोन आला. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, असं त्यांनी विचारलं.

"अप्पा, बाहेर बसलेय," मी म्हणाले. "परत दुखतंय."

त्यांनी विचारलं, "कुटं?"

मी सांगितलं.