नुसतं ‘छान’ नको

मंडळी, मेहरूणच्या आपल्या कथाबैठकीतून आत्ताच अमळनेरला घरी पोचले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. उद्या सायक्लोस्टाइल करून सगळ्यांना पाठवीन.

आज आधी धुळ्याच्या सुरेशची कथा झाली. तुम्ही त्याला वाक्यावाक्याला अडवलंत. संवाद खोटे वाटतात, मधला भाग काप, सुरुवात बदल. बिचारा घामाघूम झाला.

मग मी वाचली. माहेरी निघून आलेली बाई शेवटी सासरी परत जाते, ती कथा. नाना, बैठक तुम्ही चालवता, तुम्हीच आधी म्हणालात, "छान!" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला.

मी विचारलं, "नाना, कुठे चुकतंय ते सांगा ना."

"अगं, घरचं सगळं सांभाळून लिहितेस, हेच खूप आहे."

एसटी स्टँडवर सुरेश भेटला. म्हणाला, "ताई, बठ्ठं पटलं, पण शेवट नाही पटला. ती बाई इतक्या सहज परत जाणार नाही."

"मग बैठकीत का नाही बोललास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आणि त्याला वाटलं नसेल? पण तो आज घरी जाऊन कथा दुरुस्त करेल. मी नुसतं कौतुक घेऊन आले, त्याचं काय करू?

सुरेशचं बरोबर आहे, शेवट फसलाय. पुढच्या बैठकीत मी तो नव्याने लिहून कथा पुन्हा वाचणार आहे. तोवर एवढंच सांगा, आज माझी कथा तुमच्यापैकी कोणी कोणी खरंच ऐकली?