बोलणी

दाराच्या चौकटीसाठी सागवान बघायला वखारीत गेले, तर करवत बंद. एरवी तिथं ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. आज भुशाच्या ढिगावर मांजर झोपलं होतं. शेजारच्या देशातून येणारं लाकूड सीमेवर अडकलंय. “बोलणी चालू आहेत म्हणे,” वखारीचे मालक म्हणाले. हातातल्या पेपरची घडी त्यांनी घातली आणि लगेच पुन्हा उलगडली.

बोलणी हा शब्द मला लग्नाचाच माहीत. थोरल्या बहिणीची बोलणी बैठकीत चालायची, तेव्हा ती आत शेंगा सोलत बसायची. बाहेर आवाज चढला की तिचे हात थांबायचे. एकदा बोलणी फिसकटली, तर तिला सांगायला कुणी आतही आलं नाही. दारातल्या पाहुण्यांच्या चपला दिसेनाशा झाल्या, त्यावरून तिला कळलं.

करवतीवरचे बाळूमामा पात्याला तेल लावत होते.

“अहो, कालच लावलंत की,” मालक म्हणाले.

“हो,” म्हणत त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा लावायला घेतलं.

मी निघाले, तसे बाळूमामा फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, “ताई, तुम्ही पेपर वाचता ना? आमचं काही आलंय का हो त्यात?”