नाव नको, नंबर नको

शनिवारी सकाळी रेंजवर पिस्तूल चालवायला जाणारे आम्ही अमेरिकेतल्या चँडलरचे चार मराठी लोक. नेम कुणाचाच सुधारला नाही, किस्से मात्र साठत गेले! रेंजनंतरच्या चहाला तेच तेच निघतात, फक्त शेवटचा सांगायला कुणी तयार नसतो. आज मीच सांगतो.

आधी मिलिंदबद्दल. तो पूर्वी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्नडनला राहायचा. तिथे त्याच्या बायकोच्या, स्वातीच्या मागे कुणीतरी लागलं होतं. माणूस कधीच दिसला नाही. दाराशी वस्तू सापडायच्या: तिच्या आवडीचा चहा, तिच्या हरवलेल्या हातमोज्यांपैकी एक. पोलीस आले नि गेले. शेवटी दोघं इकडे आले आणि मिलिंदने पिस्तूल घेतलं. आपला पत्ता आणि ते पिस्तूल, दोन्ही कुणाला कळू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

*

म्हणून काडतुसं आणायला जाताना टोपी, गॉगल आणि कॅश. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "फोन नंबर? पॉइंट्स मिळतील."

"नो नंबर."

"ईमेल?"

"नो ईमेल."

"नाव तरी?"

"नो नेम!"

तेवढ्यात रांगेतून आमचा संजय ओरडला, "अरे मिलिंद! टोपी काय घातलीस यार!"

मुलगी गोड हसली. "हॅव अ गुड डे, मिलिंद!"

*

शुभांगी आमच्यातली सर्वांत बिनधास्त. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणून तिने काडतुसं ऑनलाइन मागवली. ती ऑफिसात होती, पार्सल सासूबाईंनी सही करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई भजन लावायला बसल्या. भजनाआधी जाहिरात. त्यांनी शांतपणे सुनेला हाक मारली, "शुभांगी, हा फोन मला विचारतोय, पिस्तुलाचा पट्टा कमरेला हवा की खांद्याला?"

*

संजयने यावरून धडा घेतला. फोन घरी ठेवून दुकानात गेला, कॅश दिली, परत आला. फोनवर प्रश्न हजर: "दुकान कसं वाटलं?"

संजयने फोन उलटसुलट करून पाहिला. त्याच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "डॅड, यू वोअर युअर स्मार्टवॉच."

आम्ही खूप हसलो. मिलिंद हसला नाही. म्हणाला, "म्हणजे शोधणाऱ्याला आपण सापडतोच."

*

पुढे मिलिंदने इथे घर घेतलं. वास्तुशांत करायची की नाही, यावर दोघांचं वाजलं. स्वाती म्हणाली, "किती दिवस लपून राहायचं?" मग आम्हा तीन कुटुंबांना बोलावलं. "कुणी पाहुणे असतील तर घेऊन या," असंही ती म्हणाली. आपण म्हणतोच तसं.

जेवणाआधी हाउस टूर झालीच. स्वातीने एकेक क्लॉझेट उघडून दाखवलं. बेडरूममधल्या तिजोरीपाशी कुणाच्या तरी काकांनी हळूच विचारलं, "पिस्तूल नऊ एमएम का?"

"हो काका," मिलिंद बोलून गेला. वडीलधाऱ्यांनी विचारल्यावर गप्प कसं बसणार!

काका पुरणपोळी दोनदा मागून जेवले. निघताना स्वातीने स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात त्यांना चार पोळ्या बांधून दिल्या. "डबा सावकाश द्या, काका."

पुढच्या शनिवारी चहाला मिलिंद म्हणाला, "संजय, तुझे काका फार छान आहेत."

"माझे? मला वाटलं शुभांगीचे."

शुभांगीने कप खाली ठेवला. "मी तर तुझे समजून पाया पडले, मिलिंद."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

*

आता शेवटचा. गेल्या रविवारी सकाळी डबा मिलिंदच्या दाराशी होता. घासूनपुसून लख्ख, नाव समोर येईल असा ठेवलेला. मिलिंदने उचलला तर जड लागला.

कुणाचा डबा रिकामा परत करू नये, अशी आपली पद्धत.

आत काडतुसं होती. नऊ एमएम, मिलिंद घेतो त्याच कंपनीची, ओळीने उभी लावलेली. त्यांच्यावर नीट घडी घालून स्वातीचा दुसरा हातमोजा.